त्याला लागेल

“सर, उद्या तुम्ही आत थांबणार की बाहेर बसणार?” थिएटरच्या सिस्टरनं विचारलं. विचारता विचारता ती मोजलेल्या पट्ट्या पुन्हा मोजत होती. त्यानं मॉनिटरवरची नजर काढली नाही. तो भूल देणारा डॉक्टर. टेबलावरच्या माणसाचं डोकं त्याच्याकडे आणि उरलेला माणूस हिरव्या पडद्यापलीकडे त्याच्या थोरल्या भावाकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आलेली. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही म्हणून भावाभावांनी पेशंट वाटून घेतले, असं हॉस्पिटलात म्हणत. “कुठे आत?” त्यानं विचारलं. सिस्टरचा हात पट्ट्यांवरच थांबला. “नाही, म्हणजे… ताईंचं आहे ना उद्या. पित्ताशयाचं.” कुठल्या ताई, असं तो विचारणार होता, पण ताई ती फक्त त्याच्या मुलीला म्हणायची. थिएटरमध्ये त्या क्षणी जो तो आपापल्या कामात इतका बुडाला, की एवढी एकाग्रता त्यानं तिथे पूर्वी पाहिली नव्हती. मग पडद्यापलीकडून दादाचा आवाज आला, नेहमीसारखा, मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू जावा असा. “फुटलं का एकदाचं? बरं झालं बाबा. अरे, तुझ्या लेकीच्या पित्ताशयात खडे आहेत. उद्या सकाळी मी काढतोय, दुर्बिणीतून. तुला आज संध्याकाळी घरी सांगणार होते. त्याला लागेल, त्याला लागेल, म्हणून आठवडाभर माझ्या तोंडाला कुलूप. माझ्या! कात्री दे गं.” धागा कापल्याचा बारीक आवाज आला. मग दादानं पडद्याच्या वरून डोकं काढलं आणि अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं, “लागलं का रे?”

“छे. मला काय लागायचंय,” तो म्हणाला. कुणीतरी हसलं. मास्कमुळे कोण ते कळलं नाही, आणि म्हणून सगळेच हसले असं धरून चालणं त्याला भाग पडलं. थोड्या वेळानं, बाहेर पाऊस आहे का असं विचारावं तितक्या सहज त्यानं विचारलं, “भूल कोण देतंय?” “तुझीच शिष्या,” दादा म्हणाला. “मी म्हटलं होतं, बापाला सांग, घरचा माणूस आहे. तर नियम सांगायला लागली. घरच्यांनी घरच्यांना भूल देऊ नये म्हणे. मी म्हटलं, मग घरच्यांनी कापलेलं कसं चालतं? तर म्हणते, काका, तुमची गोष्ट वेगळी.” दादा खूश होऊन हसला. “आता ते मात्र खरंच आहे.”

मुलीच्या पोटात खडे आहेत ही बातमी त्याच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला, कारण वाटेत दुसरी बातमी आडवी पडली होती. ती अशी, की त्याला सांगितलेलं नव्हतं. पेशंटचा श्वास संथ चालला होता, रक्तदाब जागच्या जागी होता, आणि तो मागचा आठवडा उलटा चालत तपासत होता. शिष्या, म्हणजे त्याच्या हाताखाली शिकून तयार झालेली ती शांत मुलगी, परवा लिफ्टमध्ये त्याला बघून आपल्या बुटांकडे बघत राहिली होती. बायकोनं रविवारी तिसऱ्यांदा चहा विचारला होता. मुलीनं स्वतःहून त्याच्या जुन्या व्याख्यानाचा विषय काढला होता आणि “तुम्ही किती छान समजावता” असं म्हणाली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरीला उशिरा का होईना, कळायला लागलं. आता कळलं, की तो पूर्वतयारीचा डोस होता. सुई टोचण्याआधी कातडी बधिर करतात, तसं त्याला आठवडाभर बधिर करत आणलं होतं. काम चांगलं झालं होतं, हे त्याला त्या धंद्यातला माणूस म्हणून मान्य करावं लागलं.

थोरला तापट आणि धाकटा हळवा, ही विभागणी आईची. आलेल्या पाहुण्यांना ती दोघांची ओळख अशीच करून द्यायची, जशी एखादी बाई आपल्या दोन खोल्या दाखवते, ही उन्हाची, ही सावलीची. दादा रागावला की ताट आपटायचा. तो रागावला की ताट सरकवायचा, हलकेच, बोटभर, आवाज न करता. आपटलेल्या ताटाला वडील ओरडायचे, दादाही ओरडायचा आणि ओरडता ओरडता सगळं जेवून उठायचा. सरकवलेल्या ताटापाशी मात्र आई येऊन बसायची. काय झालं, कोण काय म्हणालं, सांग ना रे राजा. काही नाही, तो म्हणायचा. या दोन शब्दांवर तो आईला अंधार पडेपर्यंत शेजारी बसवून ठेवू शकत असे. दादाला पहिला नंबर मिळाला की गल्लीच्या तोंडापासून आरोळी ऐकू यायची. त्याला दुसरा मिळाला तेव्हा त्यानं कुणाला सांगितलंच नाही, निकाल दप्तरात घालून गप्प बसला, आणि आईला तो दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, “बघा, सांगितलंसुद्धा नाही! केवढा मनाचा मोठा.” पहिल्या नंबरापेक्षा हे जास्त चविष्ट होतं. तेव्हापासून त्यानं काही सांगणं सोडलं आणि सापडण्याची वाट बघणं सुरू केलं. अडचण एवढीच होती, की आई गेल्यावर दप्तर तपासणारं कुणी राहिलं नाही.

दादाचं सोपं होतं. दादा हॉटेलात सूप परत पाठवायचा आणि मग आत जाऊन आचाऱ्याला ते कसं करायचं ते शिकवायचा. ज्युनियर डॉक्टरांना चुकीच्या नावानं हाक मारायचा आणि त्यांनी चूक दाखवली तर म्हणायचा, हेच नाव तुला जास्त शोभतं. हॉस्पिटलच्या दारात त्याचा फोटो होता, संस्थापकाच्या फोटोपेक्षा थोडा मोठा. “माझा दोष नाही, माझा चेहराच मोठा आहे.” पेशंटला तो सांगायचा, नशीब काढलंत, माझ्याकडे आलात. आणि पेशंटला खरंच वाटायचं की आपण नशीब काढलं, आणि तो पटापट बरा व्हायचा. दादाच्या अंगाला अपमान चिकटत नसे. एका परिषदेत त्याच्या भाषणाच्या मध्येच निम्मी माणसं उठून जेवायला गेली, तर दादा खाली उतरून म्हणाला, बघितलंस, ऐकून ऐकून भूक लागली लोकांना. तो स्वतः मात्र त्या परिषदेत शेवटच्या रांगेत बसला होता. शेवटच्या रांगेत बसायचं, म्हणजे कुणीतरी म्हणावं, अहो, तुम्ही इथे कसे, पुढे चला. म्हणालं, तर “नको नको, इथेच बरा” असं म्हणायचं. न म्हणालं, तर ते लक्षात ठेवायचं. एकदा एका दुकानाच्या रांगेत त्याला एक माणूस भेटला होता, ज्याचा श्वास त्यानं एक आख्खी सकाळ आपल्या हातानं चालू ठेवला होता. तो माणूस म्हणाला, “जरा सरकता का?” तो सरकला. घरी हा किस्सा त्यानं हसत हसत सांगितला, मग पुन्हा हसत हसत सांगितला, आणि पुढे पुढे बायको तो किस्सा त्याच्याच विरामांसकट सांगू शकायची. विनोदी किस्सा आहे, असं तो प्रामाणिकपणे समजत होता. ऐकणारे हसताना खाली का बघतात, हे त्यानं कधी विचारात घेतलं नव्हतं.

संध्याकाळी तो इमारतीखाली गाडीत बसून राहिला. वर जाऊन काय म्हणायचं हे ठरत होतं. पहिल्या मसुद्यात तो काहीच बोलणार नव्हता. दुसऱ्यात तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार होता, वेडे, एवढं घाबरायचं असतं का बापाला. हा मसुदा त्याला इतका आवडला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं, हात ठेवल्यावर मुलगी रडणार, बायको दारात उभी राहून बघणार, आणि तो मंद हसणार, असं सगळं त्यानं बसवलेलं होतं. फक्त मुलीचं पोट त्यात कुठे नव्हतं. तो वर गेला. जेवणाच्या टेबलाशी बायको आणि मुलगी शेजारी शेजारी बसल्या होत्या, तोंडी परीक्षेला बसावं तशा. मुलगी शाळेत गणित शिकवायची. वर्गभर पोरांना नुसत्या भुवईनं गप्प करणारी ही बाई, घरी बाप आत येताना आधी त्याचा चेहरा वाचायची आणि मग श्वास सोडायची. आजही तिनं वाचला. “काकांचा फोन आला होता,” ती म्हणाली. “म्हणाले, मी नाही सांगितलं, सिस्टरनं फोडलं, मी फक्त माहिती पुरवली.”

“तुम्ही ठरवलंत ते योग्यच आहे,” तो म्हणाला. “मला काही वाटलं नाही. मी कोण?”

“झालं,” बायको म्हणाली. “‘मी कोण’ आलं. मी म्हटलं नव्हतं तुला? जेवणाच्या आधी येणार.”

“आई, थांब गं.” मुलीनं पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. “बाबा, दुखायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं होतं. गाडीत. आठवतंय? तुम्ही म्हणालात, माझंही दुखतं, पण मी कुणाला सांगत नाही.”

त्याला आठवलं. त्याला ते वाक्य सांत्वन म्हणून आठवलं आणि त्याच वेळी मुलीच्या आवाजात ऐकू आलं. एकच वाक्य दोन कपड्यांत पाहिल्यासारखं झालं. “म्हणून काकाकडे गेलीस,” तो म्हणाला.

“काकांकडे सोपं असतं हो. त्यांचं कौतुक केलं की झालं. किती केलं तरी कमीच पडतं, पण निदान काय करायचं ते कळतं. तुमचं कौतुक केलं तर तुम्ही म्हणता, उगाच काहीतरी बोलू नकोस. आणि नाही केलं तर जेवत नाही.” बायकोला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. मुलगी हसत नव्हती. “मी काही चिडून सांगत नाहीये. मला खरंच कळत नाही, की तुमच्याशी कसं वागलं म्हणजे तुम्हाला लागणार नाही. लहान होते तेव्हा वाटायचं, मोठी झाले की कळेल. पोहायला काकांनी शिकवलं असं मी शाळेच्या निबंधात लिहिलं, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी इतकं गोड बोललात! इतकं गोड, बाबा, की मी तो निबंध बाईंकडून परत मागून घेतला आणि फाडला.”

“मी फाडायला सांगितलं नव्हतं.”

“तेच तर. तुम्ही कधी काही सांगतच नाही.”

फ्रिज घरघरला आणि थांबला. त्यानं विचारायला नको ते विचारलं, कारण आता ते विचारल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठता येण्यासारखं नव्हतं. “आणि भूल द्यायला तिला का सांगितलंस? नियमाचं काकाला सांग, मला नको.” मुलीनं आईकडे बघितलं. आईनं, सांग आता, असे खांदे उडवले. “कारण झोपायच्या आधी मला शेवटी तुमचा चेहरा दिसला असता,” मुलगी म्हणाली. “आणि मी तुम्हालाच धीर देत बसले असते. बाबा बरे आहेत ना, आपण त्यांनाच सांगितलं म्हणून खूश आहेत ना, त्यांना कमी तर वाटत नाहीये ना. मला एक दिवस नुसती पेशंट व्हायचंय.” ती हे सगळं पेल्याकडे बघत बोलली आणि संपल्यावर मात्र तिनं पटकन त्याच्याकडे बघितलं. लागलं का, हे बघायला. आणि सगळ्या बोलण्यापेक्षा त्या बघण्यानंच त्याला जास्त कळलं की ही बाई खोटं बोलत नाहीये. त्याच्या समोर ताट होतं. त्याचा हात ताटाच्या कडेवर होता. त्यानं हात उचलून मांडीवर ठेवला आणि जेवायला सुरुवात केली. जेवण कसं होतं हे त्याला सांगता आलं नसतं, पण आपण किती समंजसपणे जेवतोय, हे मात्र त्याला प्रत्येक घासाला स्पष्ट दिसत होतं.

सकाळी हॉस्पिटलात शिष्या त्याला वॉर्डच्या दारात भेटली. बुटांकडे न बघता ती म्हणाली, “सर, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण पेशंटनं सांगू नका म्हटलं होतं.” पेशंट! आपण हिला फार चांगलं शिकवलं, हा विचार त्याला सुचला आणि सुचल्याबद्दल बोचला. “तुम्हाला आत यायचं असेल, तर मी तिला विचारते.” तिला विचारते, म्हणाली. या, असं म्हणाली नाही. त्यानं आत खाटेवर बसलेल्या मुलीकडे बघितलं. ती हॉस्पिटलच्या झग्यात होती, केस कागदी टोपीत, आणि झग्यानं ती एकदम लहानही दिसत होती आणि परकीही. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक उभी आठी पडली होती. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती. दोन भुवयांमधली ती जागा त्याच्या नेहमीच्या पाहण्यातली. माणूस खरंच झोपला की नाही, हे तो यंत्राच्या आधी त्या जागेवर बघायचा. “मी बाहेर बसतो,” तो म्हणाला. आठी गेली. इतक्या लगेच गेली, की त्याला ते बघवलं नाही.

बाहेर नातेवाइकांसाठी खुर्च्या होत्या, एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेल्या, म्हणजे एकानं पाय हलवला की सगळी रांग हलायची. इतक्या वर्षांत तो त्या खुर्च्यांवर कधी बसला नव्हता. दारातून बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलायचं काम दादाचं. बायको औषधं आणायला खाली गेली होती. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कुणाचा तरी चष्मा आणि दातांची डबी घेऊन. “तुमचं कोण आत?” तिनं विचारलं. “मुलगी,” तो म्हणाला. “आमचे हे आहेत. हर्निया. मोठे साहेबच करणार आहेत ना तुमचंही?” “तेच.” “हुशार आहेत म्हणतात. बोलतात फार.” म्हातारी थोडं पुढे झुकली. “पण मी तुम्हाला सांगते, कापायचं काय, कुणीही कापेल. झोपवणारा नीट पाहिजे. सगळा जीव त्याच्या हातात. आणि त्याला कोण विचारतं? कोणी नाही!” सगळं आयुष्य ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य असं, दातांच्या डबीवरून, आयतं समोर आलं, आणि नेमकं आज त्याचा काही उपयोग नव्हता, कारण आज झोपवणारा तो नव्हता. मी तोच आहे, असं सांगायला त्याचं तोंड उघडलं. मग त्यानं ते मिटलं. “खरं आहे,” एवढंच म्हणाला. आणि न सांगितल्याचं त्याला इतकं बरं वाटलं, इतकं आतून आणि उबदार बरं वाटलं, की ते बरं वाटणंच त्याला संशयास्पद वाटायला लागलं. जणू कुठल्या तरी दप्तरात आणखी एक निकाल लपवून ठेवला होता.

दार बंदच होतं. आत आता काय चाललं असेल हे त्याला शेजारच्या कुणाहीपेक्षा नीट माहीत होतं, आणि माहीत असण्याचा त्रास असा की रिकामी जागा उरत नाही. आता नळी. आता टेप. आता पोटात हवा भरतील, आता टेबल तिरकं करतील, आता छातीवर दाब येईल, आता बघायला हवं. आणि त्यानं बघितलं. ऑक्सिजनचा आकडा एकानं उतरला. मग आणखी उतरला. यंत्राचा सूर, जो प्रत्येक आकड्याबरोबर थोडा थोडा खाली जातो, तो खाली जायला लागला. शिष्या नळी तपासते, तिला कारण सापडत नाही, तिचे हात घाबरतात. दादा पहिल्यांदाच गप्प होतो. कुणीतरी दार उघडून धावत येतं: सर, सर, लवकर! तो उठतो, धावत नाही, झपाझप चालतो. पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला जातो, एका नजरेत ओळखतो, एका हालचालीत दुरुस्त करतो. सूर वर चढायला लागतो. दादा मास्कच्या वरून त्याच्याकडे बघतो. पुढे मुलगी डोळे उघडते, आणि तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं, आणि ती म्हणते… इथे, मुलीचं वाक्य नीट बसवण्यासाठी तो थोडा थांबला, आणि थांबला म्हणून त्यानं मागे वळून आकड्याकडे बघितलं. मुलीचा ऑक्सिजन त्यानं अशा ठिकाणी नेऊन ठेवला होता, जिथून परत येणाऱ्या माणसाची बोटं निळी असतात. स्वतःला हाक ऐकू यावी म्हणून त्यानं पोटच्या पोरीला निळं केलं होतं. कोणी बघितलं नव्हतं. म्हातारी पेंगत होती. खुर्च्यांची रांग हलत होती, आणि रांगेतल्या कुणीतरी त्याच्याकडे वैतागून बघितलं, तेव्हा कळलं की हलतोय तो त्याचाच गुडघा. दादा कधीच असलं काही मनात आणत नसणार. दादाला त्याची गरज नव्हती. दादा हव्या तेवढ्या टाळ्या उघड मागून घ्यायचा. चोरून मागणाऱ्याला आधी आग लावावी लागते, मग विझवावी लागते. नीट होऊ दे, त्यानं म्हटलं. कुणाला म्हटलं ते त्याला माहीत नव्हतं. माझ्याशिवाय नीट होऊ दे. हे म्हणणं त्याला अपेक्षेपेक्षा जड गेलं, म्हणून त्यानं ते पुन्हा म्हटलं.

दार उघडून दादा आला तो हातात खड्यांची बाटली घेऊन. “बघा!” त्यानं साऱ्या रांगेला सांगितलं. “बघून घ्या. माझी पुतणी. आमच्या घराण्यात खडेसुद्धा असे टपोरे होतात. काय सफाईनं काढलंय, रक्ताचा थेंब नाही. मीच मला म्हटलं, वा!” म्हातारी जागी होऊन म्हणाली, “अगं बाई, छान आहेत.” दादानं बाटली तिच्या हातात दिली आणि तो भावाच्या शेजारी धपकन बसला. सगळी रांग हलली. “ती बरी आहे ना?” त्यानं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज कुठल्याही माणसाच्या आवाजासारखा निघाला. “अरे, म्हणजे काय! मी केलंय.” दादानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “पण मजा नाही आली,” दादा म्हणाला. “तुझी शिष्या बोलतच नाही रे. तू कसा, मी काही छान केलं की पडद्यामागून ‘हुं’ म्हणतोस. इतकी वर्षं झाली, त्या हुंची सवय झाली. आज मी काढलं पित्ताशय आणि थांबलो. तर कोणी नाही.” ते “हुं” तो तुच्छतेनं म्हणत आला होता. वर्षानुवर्षं, दर ऑपरेशनला, त्या एका अक्षरात त्यानं आपला सगळा धिक्कार भरला होता, आणि पलीकडे दादा त्याची टाळी म्हणून नोंद घेत होता. त्याला हसायला यायला लागलं. “काय झालं?” दादा म्हणाला. “काही नाही,” तो म्हणाला, आणि मग म्हणाला, “चांगलं केलंस दादा.” दादानं त्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की म्हातारीच्या हातातली बाटली वाजली. “उशीर झाला तुला कळायला,” दादा म्हणाला.

रिकव्हरीत त्याला शिष्येनं आत घेतलं, आणि मग स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काहीतरी लिहीत बसली. मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं डोळे उघडले, त्याला बघितलं, आणि मास्कच्या आत म्हणाली, “बाबा, तुम्हाला राग आला?” पोटाला चार भोकं पाडून घेऊन शुद्धीवर येणाऱ्या माणसाचं हे पहिलं वाक्य. “छे गं,” तो म्हणाला. “मला कशाला येईल? माझं काय.” शब्द आपोआप आले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले, आणि ते ऐकताना अर्धवट झोपेतही तिच्या भुवयांच्या मध्ये ती आठी पडली. ती झोपली, आठीसकट. थोड्या वेळानं तिनं पुन्हा डोळे उघडले. “बाबा, राग आला तुम्हाला?” अर्थातच. या अवस्थेत माणूस तेच तेच विचारतो आणि सांगितलेलं काही राहत नाही. नातेवाइकांना काळजी करू नका म्हणून सांगा, हे त्यानंच पिढ्यान्‌पिढ्या नर्सेसना शिकवलं होतं. या वेळी त्यानं तिचा हात धरला. म्हणाला, की काल रात्रीपासून त्याला फार काही उमगलंय, की तिनं आजवर जे सोसलं त्याची त्याला कल्पना आहे, की बाप म्हणून तो कुठे कमी पडला हे आता त्याला आरशासारखं… वाक्य सुंदर होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाचं लिहिणं थांबलं होतं की काय, हे बघायला त्यानं मान किंचित वळवली. वळवून परत आणेपर्यंत मुलगी झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं. त्याच्या उमगण्यावर ती बारीक घोरत होती.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा त्याच्याकडे काही तयार नव्हतं. “बाबा, तुम्हाला राग आला का?” “आला होता,” तो म्हणाला. “माझा मी बघतो. तू झोप.” ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं,” आणि डोळे मिटले. कपाळ सपाट होतं. हे आपण आधी कधीच म्हटलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यापाठोपाठ हेही लक्षात आलं की हे तिच्या लक्षात राहणार नाही. उद्या ती नीट जागी होईल, आणि तो दारातून आत येताना पुन्हा त्याचा चेहरा वाचेल, कारण तिच्याकडे वाचायला तेवढंच असेल. हे पुन्हा म्हणावं लागेल, शुद्धीतल्या माणसासमोर, जेवणाच्या टेबलाशी, कदाचित रोज, आणि कुणी वा म्हणणार नाही. चौथ्यांदा तिनं विचारलं. एक क्षण त्याला, अगं सांगितलं ना आत्ता, असं म्हणावंसं वाटलं. “आला होता. माझा मी बघतो. झोप.” “बरं.” वाक्यातला तजेला गेला होता. सांगण्यात काही राहिलं नव्हतं, नुसतं सांगणं राहिलं होतं. शिष्या येऊन आकडे बघून गेली.

तो स्टूल ओढून बसला आणि उत्तर तयार ठेवलं. मुलगी कुशीवर वळली. तिच्या पापण्या हलल्या, तो पुढे झुकला, पण तिनं डोळे उघडले नाहीत. तिला आता काही विचारायचं नव्हतं. ती पेशंटसारखी, दमलेल्या माणसासारखी, तिथे कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी झोपली होती. तिनं विचारलं नाही याचं त्याला थोडं लागलं. त्यानं ते लागू दिलं, आणि तिचा सरकलेला मास्क सरळ केला.